खरातांची हरकत

त्या वर्षी चौदा एप्रिल सोमवारी आली. विहारातली जयंती सगळ्यांच्या सोयीने पुढच्या रविवारी व्हायची होती. यादवराव खरातांच्या घरी मात्र ती त्याच दिवशी व्हायची, मग वार कुठलाही असो. विलायतेतल्या मोटारींच्या कारखान्यात होते तेव्हा ते या दिवसाची रजा महिनाभर आधी टाकून ठेवत. आता कारखानाच बंद पडला होता आणि रजा मागायला वर कुणी साहेब उरला नव्हता. तरी सकाळी दाढी करता करता त्यांनी सिंधुबाईंना सांगितलं, "आज माझी सुट्टी आहे." सिंधुबाई दरवर्षीसारख्याच हो म्हणाल्या.

सिंधुबाईंचं लक्ष शिजणाऱ्या खिरीत नव्हतं. दुपारी कौन्सिलर घरी येणार होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं जोडे दुरुस्तीचं दुकान वर्षभर रिकामं पडलं होतं आणि तिथे चान कुटुंबाला चायनीज टेकअवे काढायचा होता. त्याला कौन्सिलची परवानगी लागत होती. चार-दोन घरांनी आधीच वासाची कुरकुर केली होती. कौन्सिलर गेल्या आठवड्यात यादवरावांना पोस्ट ऑफिसच्या रांगेत भेटले, तेव्हा त्यांनी सरळच सांगितलं होतं. वासाचं मी निभावून नेईन, पण चार दुकानं सोडून ज्याचं चिप शॉप आहे त्यानेच हरकत घेतली तर कमिटीत मला तोंड उघडता येणार नाही. सोमवारी येतो, घरी बसून बोलू.

ते चिप शॉप, म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याच्या गरम चिप्स विकायचं दुकान, बबनचं होतं आणि बबन सिंधुबाईंचा थोरला मुलगा.

चानबाई सकाळीच मागच्या गल्लीने आल्या होत्या. स्वतःचा ॲप्रन घालून, स्वतःची सुरी घेऊन, न विचारता कांदे चिरायला बसल्या होत्या. दोघींची ओळख चर्चच्या हॉलमध्ये झाली होती. कौन्सिलने अक्षरं न येणाऱ्या बायकांसाठी तिथे वर्ग काढला होता. सिंधुबाई पन्नाशीला टेकलेल्या, चानबाई त्यांच्याहून थोड्या लहान. एक फलटणकडच्या खेड्यातली, एक हाँगकाँगच्या पलीकडच्या भातखाचरातली. दोघींनी एकाच संध्याकाळी आपापलं नाव लिहिलं. सिंधुबाईंचं नाव कागदाच्या काठापर्यंत गेलं आणि चानबाईंचं दोन बोटांत संपलं, म्हणून चानबाई खूप हसल्या होत्या. तेव्हापासून त्यांची भाषा म्हणजे वर्गात शिकलेले इंग्रजी शब्द, आणि शब्द संपले की हात. फॅक्टरीची व्हॅन शर्टांच्या कॉलरींचे गठ्ठे टाकून जायची. दोघी सिंधुबाईंच्या स्वयंपाकघरात मशीनला मशीन लावून शिवायच्या. मशीन चालू असताना तसंही बोलता येत नाही.

चानबाईंचा नवरा रग्बी नावाच्या गावी एका हॉटेलच्या भटारखान्यात होता. तिथल्याच वरच्या खोलीत इतर आचाऱ्यांबरोबर झोपायचा. सोमवारी सकाळच्या बसने यायचा, संध्याकाळच्या बसने जायचा. मुलगी मेई वाढली ती अशी, सोमवारच्या बापावर.

सिंधुबाईंना हे कुणी समजावून सांगायला नको होतं. यादवराव पुढे विलायतेला आले आणि तिकिटाचे पैसे जमेपर्यंत त्या बबनला घेऊन गावी राहिल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोला बबन 'आबा' म्हणायचा. पुढे विमानतळावर खरे आबा ओव्हरकोट घालून समोर उभे राहिले, तेव्हा तो आईच्या पदरामागे लपला आणि बाहेर यायला तयारच होईना. दुकान मिळालं तर चान घरी येणार होता, वरच्या मजल्यावर राहणार होता. मिळालं नाही तर मेईचं लग्न होऊन जाईपर्यंत तो रग्बीच्या बसमध्येच म्हातारा झाला असता. चानबाईंनी यातलं काहीही कधी बोलून दाखवलं नव्हतं. फक्त गेल्या आठवड्यात एक अख्खा गठ्ठा त्यांनी उलट्या बाजूने शिवला होता.

साडेबाराला सगळे पुढच्या खोलीत जमले. या खोलीला यादवराव अभ्यासिका म्हणत. दर रविवारी तिथे रस्त्यावरची मुलं पाढे म्हणायची, इंग्रजी वाचायची. सुरुवातीला आपलीच होती, मग पंजाब्यांची आली, मग चिन्यांची. शिकवायची त्यांची मुलगी सुलक्षणा, ती शाळेत शिक्षिकाच होती. पण खुर्चीत बसून कोण जांभई देतंय ते बघायला यादवराव. मेई याच खोलीत गणित शिकली आणि आता पॉलिटेक्निकमध्ये अकाउंट्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा रिझल्ट लागला त्या दिवशी यादवरावांनी रस्त्यात भेटेल त्याला पेढा दिला होता.

चान मंडळींवर यादवरावांचा जीव होता, त्याला एक कारण आणखी होतं. ही माणसं रस्त्यावर राहायला आली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, "चिनी आहेत. म्हणजे बुद्धाची माणसं. आपले भाऊ." संध्याकाळी ते बुद्धाची एक मोठी तसबीर कागदात गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेले. चानने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेत वाकला. पुढचं काही विचारायची यादवरावांना गरज वाटली नाही. चानच्या बैठकीत एका फळीवर लाल चेहऱ्याच्या, लांब दाढीच्या म्हाताऱ्याचं चित्र होतं, समोर संत्री ठेवलेली असत. हे यांचे आजोबा, असं यादवरावांनी स्वतःच ठरवून टाकलं. वाडवडिलांना मान देतात, हे त्यांना आवडलंही. जाता-येता ते टोपी काढत आणि त्या चित्राला जयभीम घालत.

वंदना झाली. चान तपकिरी सुटात, हात जोडून, ओठ हलवत उभा होता. आवाज येत नव्हता. मेईला मात्र पंचशील पाठ होतं. बबनच्या मुलांपेक्षा तीच स्वच्छ म्हणायची, आणि यादवराव डोळे मिटल्या मिटल्या मान डोलवायचे. मग जेवणं झाली. पुऱ्या, वांग्याची भाजी, मटण, खीर. चानने बबनच्या ताटात स्वतःच्या हाताने पुरी वाढली. बबनने ती खाल्ली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

जेवणानंतर चान मंडळी दुकान बघायला गेली. दर सोमवारी जायची. कुलूपच असायचं. काचेला कपाळ लावून तिघं आत बघायची आणि परत यायची. मुलं त्यांच्या मागे बाहेर पळाली. दार लागलं तसं घरात घरचीच माणसं उरली.

"आबा, मी आधीच सांगून ठेवतो," बबन म्हणाला. "मला विचारलं तर माझं ऑब्जेक्शन आहे."

यादवरावांनी शांतपणे विचारलं, ऑब्जेक्शन कशाचं, बुद्धाची माणसं आहेत ती.

"बुद्धाची असतील. पण शुक्रवारी रात्री पबमधून निघालेला माणूस बुद्ध बघून आत शिरतो का? आज तो माझ्याकडे येतो. उद्या कोपरा आधी लागेल."

सुलक्षणा म्हणाली, दादा, कॉम्पिटिशन कुणाला चुकलीय, या रस्त्यावर साडीची तीन दुकानं आहेत आणि तिन्ही चाललीत.

"तुला चुकलीय. शाळेत मुलं आली नाहीत तरी तुझा पगार होतो. माझ्याकडे माणूस आला नाही तर मासा सडतो."

त्याचं खोटं नव्हतं. दुकान घेतलं ते आबांच्या रिडन्डन्सीच्या, म्हणजे नोकरी गेल्यावर मिळालेल्या पैशांत आणि वर बँकेचं कर्ज काढून. बबन आणि त्याची बायको अलका, दोघांच्या हातांवर तेलाचे डाग कायमचे बसले होते. सिंधुबाई दोघांचं ऐकत ताटं उचलत होत्या. त्यांना वाटलं होतं, आबांनी एकदा आवाज चढवला की बबन ऐकेल, नेहमीसारखा. पण मधे अलका बोलली. ती वाढताना, आवरताना गप्प असायची, म्हणून ती बोलली की लोक ऐकायचे.

"आबा, तुम्ही सारखं बुद्धाची बुद्धाची म्हणता. त्यांच्या घरात देव आहे."

"कसला देव?"

"तो लाल तोंडाचा."

"अगं, ते त्यांचे आजोबा."

"आजोबांच्या हातात तलवार कशाला असेल? मेईनेच सांगितलं मला. जुना सेनापती होता, मग देव झाला. धंदेवाले लोक त्याला मानतात. रोज उदबत्ती लावतात, सणाला भाजलेलं डुक्कर ठेवतात पुढे. दुकानात पहिली फळी त्याचीच ठोकणारेत."

यादवरावांनी विचारलं, "आणि मी दिलेली तसबीर?"

"जिन्यात आहे. रोज पुसतात. पण जिन्यात."

सुलक्षणेने ओढणी तोंडाला लावली. तिला हसू आवरत नव्हतं, कारण टोपी काढून त्या सेनापतीला जयभीम घालणारे आबा घरातल्या प्रत्येकाने पाहिले होते. यादवरावांना हसू आलं नाही. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी घरातले देव टोपलीत भरून स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. त्यांची आई दोन दिवस जेवली नव्हती. त्यानंतर त्यांनी कुठल्याही मूर्तीपुढे मान वाकवली नव्हती, निदान त्यांची तशी समजूत होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी सिंधुबाईंना विचारलं.

"पहिल्या दिवाळीपासून."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही त्यांना विचारलंत का कधी? तुम्ही सांगितलंत, त्यांनी मान डोलावली. नवीन देशात आलेला माणूस मान डोलावतोच. तुम्ही नव्हता डोलावत? कारखान्यात तुम्हाला खरातऐवजी कॅरट म्हणायचे, तेव्हा हो म्हणत होतात ना?"

यादवराव उठले, खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले की मग हे माझं कामच नाही. मी भाऊ म्हणून बोलणार होतो. देवाच्या दुकानासाठी मी शब्द टाकणार नाही. बबनला हरकत घ्यायची असेल तर त्याने खुशाल घ्यावी, मी त्याच्या बाजूने आहे.

बबनला जे हवं होतं ते मिळालं. पण तो खूश झाला नाही. उलट त्याचा चेहरा उतरला.

"देवावरून नको, आबा," तो म्हणाला. "माझ्या बाजूने यायचं तर माझ्यासाठी या. कधीतरी."

"म्हणजे काय?"

बबन बोलायचा नाही असं सिंधुबाईंना वाटलं. त्याची तिशी उलटली होती आणि ही गोष्ट त्याने इतकी वर्षं आत दाबून ठेवली होती. पण आज निघाली.

"या खोलीत तुम्ही सगळ्या रस्त्याला शिकवलंत. पंजाब्यांना, चिन्यांना. मेई पास झाली तेव्हा पेढे वाटलेत. मला सोळाव्या वर्षी तुम्ही कारखान्याच्या गेटपाशी नेलंत आणि फोरमनला म्हणालात, हा माझा मुलगा, याला घ्या. मला मास्तर म्हणाले होते, अजून दोन वर्षं शीक. तुम्हाला सांगितलंही होतं."

यादवरावांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. सुलक्षणेने ओढणी खाली घेतली. तिला कॉलेजात पाठवलं होतं, ते बबनच्या पगारावर. हे तिला माहीत होतं आणि बबनला माहीत होतं, आणि या घरात त्यावर कधी कुणी बोललं नव्हतं.

"घेतो मी हरकत," बबन म्हणाला. "हरकत म्हणजे काय मोठं? मारामारी नाही, शिवीगाळ नाही. कागदावर एक ओळ."

सिंधुबाईंनी हातातली ताटं टेबलावर ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या.

"तुझ्या आबांचं हॉटेल होतं," त्या म्हणाल्या. "गावाला."

"कशाला काढतेस ते आता," यादवराव खिडकीजवळूनच म्हणाले.

पण सिंधुबाईंनी काढलं. तेव्हा बबन मांडीवर होता. पलटणीतून सुटून आलेल्या एका चुलत्याने थोडी मदत केली आणि यादवरावांनी एसटीच्या फाट्यावर चहाचं खोपट टाकलं. वर पाचट, खाली सारवलेली जमीन, दोन बाकं. फलटणच्या बाजारातून निळ्या काठाच्या कपबश्या आणल्या. सिंधुबाई पहाटे उठून दूध आणायच्या, तेही दोन गावं ओलांडून, कारण जवळ कुणी दिलं नसतं. पहिल्या दिवशी यादवराव नवी टोपी घालून बसले. एसट्या थांबल्या, माणसं उतरली, माणसं चढली. लोक येऊन बोलायचेसुद्धा. काय यादवा, बरं चाललंय का. पाऊस कधी पडेल. बाकावर मात्र कुणी बसलं नाही.

"हरकत कुणीच घेतली नाही, बबन," सिंधुबाई म्हणाल्या. "कुणी वाईट शब्द बोललं नाही. नुसता चहा कुणी प्यालं नाही."

संध्याकाळी उरलेलं दूध वस्तीतल्या पोरांना वाटून टाकायचं. पोरं आनंदाने नाचायची. त्यांना वाटायचं, यादवाकाकाचं हॉटेल फार चांगलं आहे. मग एक दिवस यादवरावांनी खोपटाचं पाचट काढलं, मुंबईला गेले, तिथून बोटीत बसले. मुलांना त्यांनी कायम असंच सांगितलं होतं की जग बघायची हौस होती म्हणून आलो.

बाहेर मुलांचा चेंडू भिंतीवर आपटत होता.

"चहा वाईट होता का?" बबनने विचारलं.

यादवराव वळले. "चांगला होता," ते म्हणाले. "आलं घालायचो."

मग ते येऊन मुलासमोर बसले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांना फक्त सभेतलं बोलणं जमायचं. शेवटी ते एवढंच म्हणाले की त्या मास्तरांचं नाव अजून लक्षात आहे त्यांच्या. मास्तर घरी आले होते, याच खोलीत बसले होते. आणि तेव्हा यादवरावांना वाटलं होतं, दोन पगार आले की घर उभं राहील, मग शिकेल पोरगा. मग ते राहून गेलं.

बबनने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते सिंधुबाईंना कळलं नाही. तो उठून मागच्या अंगणात गेला आणि तिथे नुसता उभा राहिला.

त्याच्यामागे अलका गेली नाही. ती स्वयंपाकघरात येऊन सासूजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, मी देवाचं बोलले ते चुकलं. पण धंद्याचं चुकीचं नाही बोलले. आमचं अर्धं गिऱ्हाईक नुसत्या चिप्सचं आहे. चायनीजवाले पण चिप्स ठेवतात. त्यांनी चिप्स नाही ठेवल्या तर जमेल."

"मग असं सांग की त्यांना."

"मी सांगू? यांच्या पुढे?"

"तू देवाचं सांगितलंस की सगळ्यांच्या पुढे," सिंधुबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

कौन्सिलर वेळेवर आले. उंच, लाल गालांचे गृहस्थ. ओले बूट पायपुसण्याला इतक्या वेळा पुसले की पाहुणे आहेत की पुसायला आलेत असं वाटावं. त्यांना खीर दिली, ती त्यांनी संपवली, आणखी मागितली. चान मंडळी परत आली होती. चान खुर्चीच्या कडेवर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून, डॉक्टरच्या दारात बसतात तसा. चानबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, गालिच्यावरच्या फुलाकडे बघत होत्या.

कौन्सिलरांनी वाटी खाली ठेवली आणि यादवरावांकडे वळून विचारलं की मिस्टर खरात, तुमच्या घराचं काय म्हणणं.

यादवराव उभे राहिले. इतकी वर्षं या घराचं म्हणणं तेच सांगत आले होते. युनियनमध्ये, विहारात, शाळेत, कौन्सिलमध्ये. त्यांनी घसा साफ केला. मग ते पुन्हा खाली बसले.

"दुकान माझ्या मुलाचं आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "तोच सांगेल. तो जे सांगेल ते घराचं म्हणणं."

बबन दाराच्या चौकटीत होता. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्याने वडिलांकडे पाहिलं. सिंधुबाईंना वाटलं, हा आता आईकडे बघेल, पण त्याने बघितलं नाही. त्याने चानकडे बघितलं, त्या गुडघ्यांवरच्या हातांकडे. आचाऱ्याचेच हात होते. मनगटापर्यंत तेलाचे तसेच डाग.

"नो ऑब्जेक्शन," बबन म्हणाला.

"बट," अलका मागून म्हणाली, आणि सगळे दचकले. तिने पदर खोचला. "बट, नो चिप्स. ते चिप्स विकणार नाहीत. चिप्स आमच्याच."

मेईने ते बापाला सांगितलं. चानने ऐकलं, भुवया वर केल्या आणि बरंच काही बोलला, हात हलवून हलवून. मेई खाली मान घालून हसायला लागली.

"काय म्हणतात?" यादवरावांनी विचारलं.

"ते म्हणतात," मेई म्हणाली, "त्यांना चिप्स जमतच नाहीत. नेहमी मऊ पडतात. रग्बीचा मालक त्यावरून रोज ओरडतो. बबनदादाकडून विकत आणून ठेवायच्या असं त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. फक्त विचारायची भीती वाटत होती."

कौन्सिलर पोट धरून हसले. मी कमिटीत बोलेन, म्हणाले, आणि हे चिप्सचं नक्की सांगेन. त्यांच्या मागे सगळे दारापर्यंत गेले. चान एकटाच खुर्चीत राहिला. त्याने मेईला काहीतरी विचारलं, मेईने सांगितलं, त्याने पुन्हा तेच विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. मग यादवरावांनी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि खास मोठ्या आवाजात, इंग्रजी मोठ्याने आणि सावकाश बोललं की सगळ्यांना कळतं या समजुतीने, त्या सेनापतीची हकीगत विचारायला सुरुवात केली. कुठला होता, लढाई कुणाशी, बाजू न्यायाची होती का.

चानबाई पुढच्या खोलीत नव्हत्या. सिंधुबाई आत गेल्या तर नळ वाहत होता आणि चानबाई धुतलेलीच ताटं पुन्हा धूत होत्या. सिंधुबाईंनी नळ बंद केला. चानबाईंनी ओला हात वर केला आणि वर्गात म्हणवून घेत तशी एकेक बोटावर मोजणी सुरू केली.

"मंडे," त्या म्हणाल्या. "ट्यूजडे. सिंदू, वेन्सडे. थर्सडे."

पुढचे वार त्यांना म्हणता आले नाहीत. सिंधुबाईंनी त्यांच्या बोटांवर पुढचे वार मोजून दिले.

संध्याकाळी बबन दुकान उघडायला निघाला. अलका मुलांना घेऊन मागून येणार होती. सिंधुबाईंनी कोट चढवला आणि न सांगता त्याच्याबरोबर निघाल्या. वाटेत ते कोपऱ्यावरचं रिकामं दुकान लागलं. बबन तिथे थांबला नाही, पण त्याचा पाय जरा मंदावला.

दुकानात शिरल्यावर त्याने दिवे लावले, तेलाखाली गॅस पेटवला, मासे बाहेर काढले. मागच्या खोलीत बटाट्यांची सालं काढायचं यंत्र घरघरायला लागलं. सिंधुबाई त्या खोलीच्या दारात स्टुलावर बसल्या. त्यांना या मुलाचा राग माहीत होता. तो ओरडून जात नसे, काम करून जात असे.

"गिऱ्हाईक कमी होणारच, आई," तो शेवटी म्हणाला. "चिप्सचं धरून पण."

"होईल."

"बँक काय चिनी देवाला ओळखत नाही."

"नाही ओळखत."

तो यंत्राशीच वाकून होता. "तू आज त्यांच्याकडून बोललीस."

"हो."

"मी तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच तुझ्याकडे मागितलं," सिंधुबाई म्हणाल्या. "परक्याकडे कसं मागू?"

बबनने यंत्र बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं. तेल तापत असल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. यंत्रातून सालं निघाली तरी बटाट्याचे डोळे हाताने काढावे लागतात. त्याने बटाट्यांनी भरलेली बादली ओढत आणून आईच्या पायाशी ठेवली, फडक्याने सुरी पुसली आणि मुठीकडची बाजू तिच्याकडे करून पुढे धरली.